चूक झालीच, तर ती कोणाच्या पदरात?

रेशन दुकानाच्या काउंटरवर शेजारच्या आजींनी तिसऱ्यांदा अंगठा ठेवला आणि मशीनवर तिसऱ्यांदा तोच नकार आला. काउंटरवरचा मुलगा वाईट नव्हता. त्यानं आजींना बोट पुसायला स्वतःचा रुमाल दिला, दुसऱ्या हाताचं बोट ठेवून बघितलं, मग म्हणाला, "आजी, थम लागत नाहीये. मशीनच घेत नाही म्हटल्यावर मी काय करणार? उद्या या." चाळीस वर्षं खुरपणी आणि धुणीभांडी केलेल्या हातांवरच्या रेषा आता राहिल्यात कुठे? आधारला जोडलेला मोबाइल नंबर पुण्याला गेलेल्या मुलाचा, आणि तो कामावर असल्यानं फोन उचलत नव्हता. तो काउंटरवरचा मुलगा आजींच्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झालेला. तो त्यांना ओळखत होता, यंत्र ओळखत नव्हतं, आणि त्या दोघांत यंत्राचं खरं धरलं गेलं. आजी रिकामी पिशवी घडी घालून घरी आल्या.

परत येताना मला एका चित्रपटातला प्रसंग आठवत राहिला. माणूस चंद्रावर उतरण्याच्या एक वर्ष आधी, १९६८ मध्ये आलेला '२००१: अ स्पेस ओडिसी'. अंतराळवीर यानाच्या बाहेर अडकलाय, दार उघड म्हणून सांगतोय, आणि हॅल नावाचा संगणक अतिशय शांत, सभ्य आवाजात, माफी मागून सांगतो की ते मला करता येणार नाही. हॅल चिडत नाही, धमकावत नाही. अंगावर काटा येतो तो त्या सभ्यपणामुळे.

विज्ञानपटांतून आयुष्यात काय शिकावं, असा विषय निघाला की ठरावीक उत्तरं येतात. आशा सोडू नये, मैत्री जपावी, यंत्रांच्या फार आहारी जाऊ नये. यात खोटं काही नाही, पण त्यासाठी अंतराळात जायची गरजही नाही. एवढं कोणत्याही कौटुंबिक चित्रपटात मिळतं. मला वाटतं, चांगले विज्ञानपट आपल्याला एक वेगळाच प्रश्न विचारायला शिकवतात आणि तो आज आपल्या सार्वजनिक जीवनात सर्वांत जास्त गरजेचा आहे. एखादा निर्णय घेताना, एखादी व्यवस्था उभी करताना, विचारायचं: हे चुकलं, तर ती चूक कोणाच्या पदरात पडणार? आणि ज्याच्या पदरात पडणार, त्याला आज बोलायला जागा आहे का?

हॅलकडेच पुन्हा बघू. यानाच्या ॲंटेनाचा एक भाग लवकरच बिघडणार, असं हॅल सांगतो. अंतराळवीर तो भाग काढून तपासतात, तर त्यात काहीच दोष सापडत नाही. पृथ्वीवरचा हॅलसारखाच दुसरा संगणकही सांगतो की यानावरच्या हॅलचं चुकलंय. यावर हॅलचं उत्तर असं, की असे प्रकार पूर्वीही झालेत आणि दर वेळी चूक माणसाचीच निघाली आहे. त्या यानावर तीन शास्त्रज्ञ दीर्घ निद्रेत ठेवलेले असतात. ते झोपेतच मरतात. पूर्ण चित्रपटात त्यांच्या तोंडी एक वाक्य नाही. मोहिमेचा खरा हेतू जागे असलेल्या दोघांपासून लपवायचा, असा हुकूम हॅलला माणसांनीच दिला होता आणि त्या लपवाछपवीतून त्याचं डोकं फिरलं, हा उलगडा १९८४ च्या पुढच्या भागात होतो.

चूक दर वेळी माणसाचीच, हे वाक्य पुढे ब्रिटनमध्ये शेकडो माणसांना खरोखर ऐकावं लागलं. तिथल्या पोस्ट खात्यानं १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली आणली. गावोगावची छोटी पोस्ट ऑफिसं चालवणाऱ्या लोकांच्या हिशेबात अचानक तूट दिसू लागली. ते सांगत राहिले की आम्ही पैसे घेतलेले नाहीत. त्यांना सांगितलं गेलं की प्रणाली बरोबर आहे, आणि अनेकांना तर असंही की ही अडचण फक्त तुम्हालाच येते आहे. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जणांवर गुन्हे सिद्ध झाले. काही तुरुंगात गेले, काहींनी घर विकून न घेतलेले पैसे भरले, काहींनी जीव दिला. प्रणालीत दोष होते हे २०१९ मध्ये न्यायालयानं मान्य केलं आणि शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा यायला २०२४ उजाडलं. या सगळ्या काळात तिथल्या न्यायालयांत गृहीतक असं होतं, की उलट सिद्ध होईपर्यंत संगणक बरोबरच चालतो. उलट सिद्ध करायचं कोणी? ज्याला त्या संगणकाच्या आत डोकावायचीही परवानगी नाही, त्या गावच्या पोस्टवाल्यानं.

म्हणजे यंत्र चुकलं यापेक्षा मोठी गोष्ट इथे घडली होती. चुकीचा सगळा भार कोणावर टाकायचा, हे यंत्र बसवतानाच ठरून गेलं होतं.

याउलट, नियम मोडून माणुसकी दाखवली की सगळं बरोबर होतं, असंही हे चित्रपट सांगत नाहीत. म्हणूनच मला ते महत्त्वाचे वाटतात. १९७९ च्या 'एलियन'मध्ये एक मालवाहू यान अनोळखी ग्रहावर उतरतं आणि त्यातले तिघं बाहेर पडतात. परतताना त्यांतल्या एकाच्या चेहऱ्याला कसलासा जीव चिकटलेला असतो. दारापाशी उभे राहून कॅप्टन हुकूम देतो, आम्हाला आत घे. यानावर त्या वेळी जबाबदारी असते रिप्लीची. ती नकार देते. निर्जंतुकीकरणाचे चोवीस तास बाहेरच थांबायचं, हा नियम आहे. तुम्हाला आत घेतलं तर आपण सगळेच मरू शकतो. कॅप्टन म्हणतो, चोवीस तासांत हा मरेल. तरीही ती दार उघडत नाही. शेवटी यानावरचा विज्ञान अधिकारी तिला डावलून परस्पर दार उघडतो. सात जणांपैकी एकटी रिप्ली वाचते.

पहिल्यांदा हा प्रसंग बघितला तेव्हा मला रिप्ली निष्ठुर वाटली होती. २०२० नंतर तसं वाटेनासं झालं. त्या मार्चमध्ये मी गावात होतो. गावोगाव वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकून रस्ते अडवले होते. मुंबईहून माझा चुलतभाऊ आला आणि त्याला चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवायला हवं, असं म्हणणाऱ्यांत मी होतो. काकू माझ्याशी कित्येक महिने बोलल्या नाहीत. त्यांच्या घरात दम्याचे जुने आजारी असलेले काका होते, आणि आजही मला वाटतं की दार बंद ठेवलं ते बरोबरच केलं. पण शाळेच्या त्या खोलीत पंखा चालत नव्हता, आणि पहिले दोन दिवस त्याचा जेवणाचा डबा दुपारी तीन-तीन वाजता पोचला. ते बरोबर नव्हतं. आमच्या सगळ्यांच्या सुरक्षिततेची किंमत तो एकटा मोजत होता. मग निदान त्याचा डबा वेळेवर नेण्याची जबाबदारी दार बंद करा म्हणणाऱ्यांची होती, म्हणजे माझी होती. नियम पाळणाऱ्याचं काम नियम पाळून संपत नाही, हे मला त्या चौदा दिवसांत कळलं.

आणि 'एलियन'मध्ये दार उघडलं गेलं ते दयेपोटी नव्हतंच. तो विज्ञान अधिकारी यंत्रमानव असतो आणि कंपनीचा गुप्त हुकूम असतो की तो जीव काहीही करून आणायचा, माणसं गेली तरी चालतील. यानावरच्या उरलेल्या सहा जणांना हे कोणी सांगितलेलं नसतं. चुकीची किंमत ज्यांनी द्यायची त्यांना त्या चुकीची माहितीच नाही, ही गोष्ट हॅलच्या यानावर होती तशीच इथेही आहे.

'जुरासिक पार्क' मी १९९४ मध्ये तालुक्याच्या टॉकीजला हिंदीत बघितला. त्या वर्षी तो हिंदीत डब होऊन आला आणि इंग्रजीचं बोट न धरलेल्या माझ्यासारख्या असंख्य मुलांना पहिल्यांदाच परदेशी विज्ञानपट कळला. तेव्हा डोळ्यांत फक्त डायनोसॉर मावले. आता बघताना म्हाताऱ्या हॅमंडकडे लक्ष जातं. तो दुष्ट नाही. त्याचा आपल्या उद्यानावर इतका खरा विश्वास आहे की पहिल्या फेरीला तो स्वतःच्या नातवंडांना पाठवतो. खर्चात कुठेही हात आखडता घेतला नाही असं तो पुन्हापुन्हा सांगतो. पण उद्यानाची सगळी कुंपणं, सगळी दारं चालवणारा संगणक ज्याच्या हातात आहे, त्या माणसाशी मात्र त्याचं पैशांवरून भांडण आहे. धोका सांगणारा गणितज्ञ जेवणाच्या टेबलावर असतो, त्याचं ऐकूनही घेतलं जातं. ऐकणं आणि त्यामुळे काही थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे जनसुनावणीला गेलेल्या कोणालाही हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

हे सगळं पडद्यावरचं, करमणुकीचं, त्यावरून खऱ्या जगाबद्दल एवढं बोलायचं का, असं कोणी म्हणेल. १९८३ चं वर्ष त्याला उत्तर देतं. त्या जूनमध्ये 'वॉरगेम्स' नावाचा चित्रपट आला. त्याच्या सुरुवातीला अण्वस्त्र डागण्याची खोटी कवायत होते. खोटी आहे हे तळावरच्या अधिकाऱ्यांना माहीत नसतं, आणि शंभरातले २२ जण किल्ली फिरवत नाहीत. कोट्यवधी माणसं मारण्याआधी फोनवर कोणाशी तरी बोलू द्या, असं त्यांतला एक जण म्हणत राहतो. वरिष्ठ यातून निष्कर्ष काढतात की माणूस हाच कच्चा दुवा आहे; त्याला काढा आणि काम संगणकाला द्या. पुढे एक शाळकरी मुलगा खेळ समजून त्या संगणकात शिरतो आणि जग अणुयुद्धाच्या काठावर येतं.

राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी हा चित्रपट कॅम्प डेव्हिडला बघितला आणि काही दिवसांनी एका बैठकीत आपल्या सरसेनापतींना विचारलं, असं खरंच होऊ शकतं का? आठवड्यानं उत्तर आलं की परिस्थिती तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच वाईट आहे. सप्टेंबर १९८४ मध्ये संगणक सुरक्षेबाबतचा अध्यक्षीय आदेश निघाला, त्याची सुरुवात या प्रश्नातून झाली होती. देशाच्या सर्वोच्च माणसानं एका चित्रपटावरून साधा प्रश्न विचारला आणि त्याला खरं उत्तर देणारं कोणी होतं, ही बाब छोटी नाही.

पण त्याच वर्षाची दुसरी घटना मला जास्त भिडते. २६ सप्टेंबर १९८३ ची मध्यरात्र उलटली होती. मॉस्कोजवळच्या एका तळघरात लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह कामावर होते. सोव्हिएत उपग्रहांनी इशारा दिला की अमेरिकेनं एक क्षेपणास्त्र सोडलंय. थोड्याच वेळात आणखी चार. यंत्रणेच्या मते खात्री पक्की होती. तीनच आठवड्यांपूर्वी सोव्हिएत विमानानं दक्षिण कोरियाचं प्रवासी विमान पाडून २६९ जणांचा जीव घेतला होता. दोन्ही देश एकमेकांवर डोळे वटारून बसले होते. पेत्रोव्ह यांनी विचार केला: खरा हल्ला करणारा पाचच क्षेपणास्त्रं का सोडेल? यंत्रणा नवी आहे. जमिनीवरच्या रडारला काही दिसत नाही. त्यांनी वरिष्ठांना कळवलं की हा इशारा खोटा आहे. तो खोटाच होता; ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहांनी क्षेपणास्त्र समजला होता. 'वॉरगेम्स'मधल्या वरिष्ठांनी ज्या २२ जणांना कच्चा दुवा ठरवलं, त्यांच्यातलाच हा माणूस.

रिप्ली नियम धरून बसली, पेत्रोव्ह यांनी यंत्राचा कौल बाजूला सारला. वरवर दोघांचं वागणं उलट आहे. पण दोघांनीही एकच हिशेब केला. माझं चुकलं तर काय, आणि कोणाचं? कोणती चूक पुढे दुरुस्त करता येईल आणि कोणती नाही? रेशनच्या काउंटरवरही हाच हिशेब मांडून बघा. खोट्या माणसाला धान्य गेलं तर सरकारचं काही किलो धान्य जाईल. खऱ्या माणसाला नाही मिळालं, तर त्या घरात चूल पेटणार नाही. या दोन चुका एका मापाच्या नाहीत. तरीही आपण यंत्रणा अशी उभी केली की पहिली चूक अजिबात होऊ नये, आणि दुसरी झाली तर 'उद्या या'.

या चित्रपटांवर माझा एक आक्षेपही आहे. ते फार वेळा आपल्याला एकट्या वीराची वाट बघायला लावतात. शेवटच्या क्षणी कोणीतरी उठेल, योग्य तार कापेल, आणि सगळे वाचतील. खऱ्या आयुष्यात त्या माणसामागे संगीत वाजत नाही. पेत्रोव्ह यांना तेव्हा बक्षीस मिळालं नाही. त्या रात्रीची नोंदवही नीट भरली नाही म्हणून बोलणी मात्र खावी लागली. अमेरिकेच्या चॅलेंजर यानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ ला, रॉजर बॉइजोली आणि त्यांचे सहकारी अभियंते जीव तोडून सांगत होते की एवढ्या थंडीत रॉकेटच्या सांध्यांतली रबरी कडी दगा देतील, उड्डाण करू नका. त्यांच्याच कंपनीतल्या एका वरिष्ठानं दुसऱ्याला सांगितलं की आता अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदांत यान फुटलं. सात जण गेले. त्यांत एक शाळेतल्या शिक्षिका होत्या आणि त्यांना बघायला देशभरच्या शाळांत मुलं दूरचित्रवाणीसमोर बसली होती. बॉइजोली खरे ठरले, तरी नंतर कंपनीतल्या अनेकांनी त्यांना वाळीत टाकल्यासारखंच वागवलं.

धाडसी माणूस तिथे होता. कमी पडली ती त्याच्या 'थांबा'ला वजन देणारी जागा. म्हणून मुलांना नुसतं 'धाडसी व्हा' सांगणं मला अपुरं वाटतं, थोडं अन्यायाचंही वाटतं. ती जागा करून देणं हे मोठ्यांचं काम आहे.

ती जागा कशी असते याचं सुंदर चित्र २०१५ च्या 'द मार्शियन'मध्ये आहे. मंगळावर अडकलेल्या सहकाऱ्याला आणायला यान मागे वळवायचं, तर परतीच्या वाटेवर असलेल्या पाच जणांचा जीव धोक्यात येणार आणि घर आणखी दीड वर्षानं दूर जाणार. नासाचा प्रमुख पृथ्वीवर बसून त्यांच्या वतीनं नाही म्हणून टाकतो. एक अधिकारी ती योजना गुपचूप यानावर पोचवतो. मग कॅप्टन हुकूम देत नाही. सगळा धोका मांडते आणि म्हणते, पाचही जणांचा होकार असेल तरच. किंमत ज्यांनी द्यायची त्यांच्यापुढे सगळी माहिती येते आणि तेच ठरवतात. मला तर या चित्रपटातल्या मंगळावरच्या बटाट्यांपेक्षा हे दोन मिनिटांचं दृश्य शाळेत दाखवावंसं वाटतं.

आपल्याकडेही म्हणणं महत्त्वाचं की म्हणणारा, याची जाण असलेले लोक होते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला जयंत नारळीकरांनी कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंच्या हातानं लिहवून. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाचं नाव बघून परीक्षकांचा कौल झुकू नये, एवढीच काळजी. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. नाव नसलेल्या माणसाचं म्हणणं तितक्याच कान देऊन ऐकलं जावं, यासाठी आपली कार्यालयं, रुग्णालयं, बांधकामं अशी काही तजवीज करतात का? लिफ्टचा दोर झिजलाय हे सांगणाऱ्या वायरमनची तक्रार कुठे नोंदवली जाते?

आता कर्ज कोणाला द्यायचं, अर्ज कोणाचा बाद करायचा, योजनेच्या यादीतून कोणाचं नाव काढायचं, हे झपाट्यानं संगणकावर सोपवलं जातंय. मी त्याच्या विरोधात नाही. कागदाच्या रांगांत आणि साहेबाच्या मर्जीत आपल्या आईवडिलांची उमेदीची वर्षं गेली आहेत. पण नकार यंत्राचा असेल, तर तो फिरवण्याचा अधिकार समोर बसलेल्या माणसाला हवा, लेखी हवा, आणि तो वापरला म्हणून त्याच्यावर बालंट येता कामा नये. यंत्रानं किती जणांना परत पाठवलं याचा आकडा ग्रामसभेत वाचला जावा. आणि चूक कोणाची हे सिद्ध करायची जबाबदारी आजींची नसावी. रेशनसाठी पर्याय नियमात आहेत. पण काउंटरवरच्या मुलाला ते ठाऊक नव्हते, किंवा वापरायची भीती होती. माझ्या लेखी दोन्ही एकच.

१९९७ च्या 'गॅटका' चित्रपटात जन्मतःच रक्ताचा थेंब घेऊन माणसाचं भविष्य ठरवतात. नायकाला हृदयविकाराची शक्यता ९९ टक्के, आयुष्य ३०.२ वर्षं, म्हणून त्याला अंतराळात जायची दारं कायमची बंद. तो दुसऱ्याच्या नावानं, दुसऱ्याच्या रक्तानं वर्षानुवर्षं तपासण्या पार करतो. यानात चढायच्या दिवशी अचानक एक शेवटची तपासणी निघते आणि त्याच्याकडे बदलायला काही नसतं. यंत्र त्याला अपात्र ठरवतं. यंत्रापुढचा डॉक्टर ते बघतो. आपल्या मुलाबद्दल बोलू लागतो: त्याचं सगळं ठरवल्यासारखं झालं नाही, पण तो तुझा चाहता आहे. आणि बोलता बोलता एक कळ दाबून निकाल 'पात्र' करतो. मग म्हणतो, जा, नाहीतर उड्डाण चुकेल.

आजींना दुसऱ्या दिवशी धान्य मिळालं. दुकानाचे वयस्कर मालक स्वतः बसले होते. त्यांनी आजींच्या मुलाला चार वेळा फोन लावला, तो उचलेपर्यंत रांग थांबवली, आलेला ओटीपी टाकला आणि पिशवी भरून दिली. पुढच्या महिन्यात आजी पुन्हा गेल्या तेव्हा काउंटरवर एक नवीन मुलगा होता. त्यानं मशीन पुढे सरकवलं आणि आजींनी पदराला अंगठा पुसायला सुरुवात केली.